डावीकडे, अंडाकृती, चार पूर्णांक सहा

एर्झुरूमला बर्फ दगडासारखा टणक झाला
की रात्री अकरानंतर माणसं येतात
डावा हात उजव्या हातात धरून,
दुसऱ्याचं तान्हं सांभाळावं तसा.

मी यंत्र चालवतो. नाव यादिगार.
हात डोक्यावर घ्या, म्हणतो.
श्वास चालू द्या, कोपराला श्वास नसतो.
काहीजण हसतात. हसले की हलतात,
मग चित्र पुन्हा घ्यावं लागतं.

मोडलेली हाडं डॉक्टर वर नेत.
न मोडलेली माझ्या संगणकात पडून राहत,
त्यांना कुणी विचारत नसे
नूरजिहान येईपर्यंत.

दंडाचं हाड खाली येता येता पसरतं
आणि नेमकं मधोमध विरळ होतं,
कांद्याच्या पापुद्र्याइतकं.
पुढून एक खळगा, मागून एक खळगा,
मधे हा पडदा.
कुणाकुणाला पडदाच नसतो.
भोक असतं, आरपार.
दुखत नाही, खुपत नाही, माणूस ते घेऊन
पीठ मळतो, भांडतो, म्हातारा होतो.

"मग मोजायचं कशाला?"
"हाडात सळई घालणाऱ्याला माहीत असावं,"
ती म्हणाली. थोड्या वेळाने, चहा निवल्यावर,
"आणि असंच."

त्या असंचवर मी तीन हिवाळे काढले.
निबंधात तुझंही नाव घालू, ताहसीन बे म्हणाले होते.
कोपराला लावलेला गूळ तो,
मी जीभ बाहेर काढून बसलो नाही.

सहाशे बारा कोपर.
नावं पुसायची. उरतं वय, बाई की पुरुष, डावा की उजवा,
आणि एक रकाना: आहे, नाही.
दोन महिने नीट चाललं.
मग एक असा आला की पडदा होता
पण पलीकडचा काळोख त्यातून दिसत होता,
बटाट्याच्या कापातून बोट दिसावं तसा.
त्यावर अख्खी दुपार भांडलो.
संध्याकाळी तिने तिसरा रकाना आखला
आणि त्याला नाव दिलं नाही.

एकशे सतराच्या चित्रात कडेला तारा होता.
धातू असा फुटतो, पांढऱ्या रेघा फेकत.
मला तो तारा माहीत होता.
बाहीला टाचणी, टाचणीला निळा मणी.
काढा, मी म्हटलं होतं.
"मुलाने लावलाय, तोच काढेल."
कुठे आहे मुलगा?
"एसेनला."
मग मी बाहीच खांद्याकडे सारली, जमेल तेवढी.

"ही ओळखू येते," नूरजिहान म्हणाली. "गाळू या."
कोण ओळखणार?
"तू."

गाळलं नाही. कड कापली.
तारा गेला, भोक राहिलं.
डावीकडे, अंडाकृती, चार पूर्णांक सहा मिलिमीटर.
तिने आकडा दोनदा वाचला, मी एकदा लिहिला.

मार्चमध्ये गटारं वाहू लागली तेव्हा
ती बाई दारात उभी. दोन बस बदलून आलेली.
शाहसेनेम, आडनाव सांगत नाही;
नाव सांगतोय हेच नियमाबाहेर.
"माझ्या हातात काय निघालं?"

काही नाही, मी म्हणालो.
आयुष्यात इतकं खरं क्वचितच बोललो असेन.

"काही नाही ऐकायला एवढी लांब आले?"
तिने पिशवीतून रोटी काढली, तंदूरची, अजून ओलसर,
खरकटं न पडेल अशी माझ्या टेबलावर ठेवली
आणि बाही सारखी केली.
मणी तिथेच होता.

ती गेल्यावर मी रोटी उजेडाकडे धरली.
मधे पातळ होती.
तिथूनच तोडली.